खुलासा : ‘क्लाउड आहे, फोनमधले फोटो बिनधास्त उडवा’ हे अर्धसत्य आहे

‘यापुढे फोनला मोठं स्टोरेज लागणारच नाही, फोटो क्लाउडवर गेले की गॅलरीतून डिलीट करा’ असा मेसेज सध्या फिरतोय. (क्लाउड म्हणजे इंटरनेटवरून वापरायची कंपनीची साठवणजागा.) तसंच्या तसं केलंत तर फोटो गमवाल.

गूगल फोटोजमध्ये बॅकअप चालू असताना ॲपमधून फोटो डिलीट केला, की तो क्लाउडवरूनही जातो. बॅकअप झालेला फोटो ट्रॅशमध्ये ६० दिवस राहतो, मग कायमचा गेला. ॲपलच्या आयक्लाउड फोटोजचंही तेच, तिथे मुदत ३० दिवसांची. सिंक म्हणजे फोन आणि क्लाउड दोन्हीकडे सारखंच ठेवणं; तो खरा बॅकअप, म्हणजे वेगळी सुरक्षित प्रत, नव्हे. गफलत इथेच होते. जागाच हवी असेल तर गूगल फोटोजमध्ये प्रोफाइल चित्रावर टॅप करून ‘फ्री अप स्पेस’ निवडा. त्याने फक्त फोनमधली प्रत जाते. आयफोनवर सेटिंग्जमधल्या फोटोज विभागात ‘ऑप्टिमाइझ आयफोन स्टोरेज’ चालू करा.

फुकट जागाही अमर्याद नाही. गूगलचे १५ जीबी जीमेल, ड्राइव्ह आणि फोटोज मिळून आहेत. १ जून २०२१ पासून नवे फोटोही त्यात मोजले जातात. ॲपल ५ जीबी देतं.

आणि मोठं स्टोरेज लागतंच. ॲप्स आणि सिस्टिम क्लाउडवरून चालत नाहीत. ४के (अतिशय बारीक तपशिलाचा), सेकंदाला ६० फ्रेमचा मिनिटभराचा व्हिडिओ साधारण ४०० एमबी भरतो. १० एमबीपीएस (सेकंदाला १० मेगाबिट) अपलोडवर तो चढायला पाच मिनिटांहून जास्त लागतात. तोवर तो राहणार कुठे? फोनमध्येच.