फुजीचा सातबारा कोणाच्या नावावर?

बर्फाची टोपी घातलेल्या फुजीच्या फोटोखाली एक मजकूर सध्या या ग्रुपवरून त्या ग्रुपवर फिरतोय. थोडक्यात असा: ‘फुजी पर्वत जपान सरकारचा नाहीच, अख्खा डोंगर एका देवळाच्या मालकीचा आहे. सरकारने तो दान दिला. आता सरकारच देवळाला भाडं भरतं, चढणाऱ्यांचे पैसेही देवळाच्या पेटीत पडतात. बायकांना आजही वर बंदी आहे.’ यात चार आणे खरं आहे, आणि त्या चार आण्यांवर बाकीचे बारा आणे खपताहेत.

आधी ‘अख्खा डोंगर’. हे देऊळ म्हणजे शिझुओका प्रांतात फुजिनोमियाला असलेलं फुजिसान होंगू सेंगेन ताइशा, फुजीची देवता पूजणाऱ्या देशभरच्या सुमारे १,३०० सेंगेन देवस्थानांचं मूळ पीठ. त्याच्याकडे आहे तो चढाईच्या दहा टप्प्यांपैकी आठव्यापासून वरचा भाग, सुमारे ३८५ हेक्टर. आपल्या हिशेबात साडेनऊशे एकर. त्यातूनही चढायच्या वाटा आणि जुन्या हवामान वेधशाळेची जागा वगळलेली, मग सरकार भाडं भरणार कशाचं? खालच्या अवाढव्य पसाऱ्याशी या मालकीचा संबंध नाही. पायथ्याच्या माळांवर तर जपानी संरक्षण दलांचा तोफांचा सराव चालतो.

‘दान’ हा शब्द मला सगळ्यात जास्त खटकला, कारण हे प्रकरण दानाचं नाही, दाव्याचं आहे. जपानचा शोगुन, म्हणजे लष्करी शासक, तोकुगावा इएयासूने १६०४ मध्ये इथलं आजचं दुमजली मुख्य मंदिर उभारलं. त्याच्याच घराण्याच्या राजवटीत, १७७९ मध्ये, शिखरावरचा देवळाचा हक्क अधिकृतपणे मान्य झाला. मग शोगुनांची सत्ता जाऊन सम्राटाच्या नावाने चालणारं मेइजी सरकार आलं आणि त्याने देवस्थानांच्या जमिनी सरकारजमा केल्या, त्यात फुजीचा माथाही गेला. दुसऱ्या महायुद्धानंतर अशा जमिनी परत करण्याचा कायदा झाला, पण फुजीच्या बाबतीत सरकारने हात आखडता घेतला. देऊळ कोर्टात गेलं. शिखर हीच आमची पूजेची वस्तू, ही त्याची बाजू सर्वोच्च न्यायालयाने १९७४ मध्ये मान्य केली.

आणि ताबा कधी मिळाला? २००४ मध्ये. निकालानंतर तीस वर्षांनी!

अडलं कशाने, तर शिझुओका आणि यामानाशी या दोन प्रांतांची हद्द शिखरावर ठरलेलीच नाही. हद्द नाही, म्हणून जमीन नेमकी कुठल्या दप्तरात नोंदवायची हेही ठरत नाही. शेवटी नोंदणीशिवायच हस्तांतर झालं. म्हणजे जपानच्या सगळ्यात प्रसिद्ध साडेनऊशे एकरांना सातबाराच नाही. आपल्याकडे देवस्थान इनामाच्या जमिनींवरून पिढ्यान्‌पिढ्या भांडणं चालतात, पण उताऱ्यावर निदान देवाचं नाव तरी असतं.

चढाईच्या पैशांचं एका वाक्यात निपटतं: २०२५ पासून दोन्ही बाजूंनी माणशी ४,००० येन आहेत, ते आकारतात दोन्ही प्रांतांची सरकारं, देऊळ नव्हे. बायकांवरची बंदी होती हे खरं, पण ती उठली १८७२ मध्ये. बातमी दीडशे वर्षं शिळी आहे. शिवाय या देवळात जिची पूजा होते ती कोनोहानासाकुया-हिमे स्वतः देवी आहे. पेटत्या झोपडीत बाळंत होऊनही सुखरूप राहिली, अशी तिची कथा. ज्वालामुखीच्या पायथ्याशी राहणाऱ्यांनी तिलाच का धरलं, हे वेगळं सांगायला नको.

मालकीच्या चर्चेत एक जागा कोणी दाखवत नाही. देऊळ ८०६ मध्ये आजच्या जागी आलं असं परंपरा सांगते. त्याआधीचं ठाणं यामामिया, तिथून काही किलोमीटर उत्तरेला. तिथे आजही गाभारा नाही. झाडांमध्ये लाव्हाच्या दगडांच्या ओळी मांडलेल्या आहेत, आणि भक्त हात जोडतात ते समोर दिसणाऱ्या फुजीला. गाभारा बांधायला घेतला की वाऱ्याने पाडला, असं तिथले लोक सांगतात. मग बांधायचं सोडून दिलं.