इंदूर ते सॅन फ्रान्सिस्को, ‘फक्त’ साडेसोळा तास

माझ्या आईला पणतीच्या बारशाला सॅन फ्रान्सिस्कोला बोलावणाऱ्या भाच्याने आज सकाळी घरच्या ग्रुपवर एक नकाशा टाकला. इंदूर ते सॅन फ्रान्सिस्को, सुमारे 13,000 किलोमीटर, साडेसोळा तास. खाली लिहिले होते, ‘आजीला सांग मावशी, दोन झोपा काढल्या की पोहोचलीच.’ त्यावर सगळ्यांनी अंगठे उमटवले, आणि तेव्हापासून माझा संताप शमलेला नाही.

हा आकडा पृथ्वीच्या गोलावरची सर्वांत जवळची रेषा मोजून आणि तिला विमानाच्या सरासरी वेगाने भागून काढलेला आहे. ती रेषा तिबेट, सायबेरिया आणि आर्क्टिक महासागरावरून जाते. आपल्या देवी अहिल्याबाई होळकर विमानतळावरून त्या रेषेने एकही विमान उडत नाही. तिबेटचे पठार तर विमाने सहसा टाळतातच, कारण आतला हवेचा दाब गेला तर तातडीने 10,000 फुटांपर्यंत खाली यावे लागते आणि तिथली जमीनच त्याहून उंच आहे.

मागच्या वेळी आई रामबागेतल्या घरातून दुपारचे जेवून निघाली होती. दिल्लीपर्यंतचा दीड तास सुखाचा गेला. पुढच्या विमानासाठी मात्र तिने अख्खी रात्र लोखंडी खुर्चीवर काढली, कारण मागितलेली व्हीलचेअर पहाटेपर्यंत आलीच नाही. हे तास त्या नकाशात कुठे आहेत?

अंतरावरून वेळ ठरत नाही, हे तर विमान कंपन्यांनीच दाखवून दिले आहे. 2016 मध्ये एअर इंडियाने दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून नेले, तेव्हा हजाराहून अधिक किलोमीटर जास्त उडूनही ते जवळजवळ दोन तास आधी पोहोचू लागले, कारण पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे उंचावरचे जोरदार वारे पाठीशी होते. उलट एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना हवाई हद्द बंद केली आणि दिल्लीहून पश्चिमेकडे जाणारे प्रवास लांबले. शहरे मात्र होती तिथेच होती.

तिकिटांचा ढोबळ अंदाज बांधायला तो आकडा उपयोगी पडतो, एवढे मान्य. पण चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईच्या पायांना तो लागू पडत नाही. तिथे उतरल्यावर आईचे पाय इतके सुजले होते की चपला हातात घेऊन ती इमिग्रेशनच्या रांगेत उभी राहिली, आणि फोनवर मला म्हणाली, ‘काही नाही गं, थोडे अवघडलेत.’ आपली माणसे त्रास सांगत नाहीत, म्हणून तो झालाच नाही असे तुम्ही सगळे कसे धरून चालता?

बाळा, तू प्रेमानेच बोलावतो आहेस, हे मला ठाऊक आहे. पणतीच्या बारशाला आई येणारच. तिने दुपटी शिवायलाही घेतली आहेत. फक्त तिकीट काढताना दिल्लीत एका रात्रीचा मुक्काम धर, जागा मार्गिकेलगतची घे म्हणजे तिला मधूनमधून उठून चालता येईल, आणि ती बारशाच्या निदान चार दिवस आधी पोहोचेल अशी तारीख बघ. परतीच्या प्रवासातही दिल्लीचा मुक्काम हवाच.