तारीख नसलेले चित्र

चित्रकाराला रोज उत्साह कोठून मिळतो, असे मला विचारणारा माणूस बहुधा मासिक पगार घेणारा असतो. फोंड्याहून पणजीला जाणारी सकाळची कदंबची बस चुकली तर अर्ध्या दिवसाची रजा कापली जाईल, एवढा उत्साह त्याला आयुष्यभर पुरलेला असतो, आणि तो आपल्याला कोणी पुरवला याचा विचार करण्याची वेळ त्याच्यावर कधी आलेली नसते. मला बस पकडायची नसते. स्वयंपाकघरातला चहाचा कप उचलायचा आणि मागच्या पडवीतल्या टेबलाशी जाऊन बसायचे, एवढाच माझा कामावर जाण्याचा रस्ता आहे. परंतु इतकी वर्षे चित्रकलेवर पोट भरल्यानंतर मी या निष्कर्षाला आलो आहे की गोव्यातला सर्वांत अवघड रस्ता तोच असून, झुआरी नदीवर नवा पूल झाला तरी त्याच्यावरची कोंडी काही सुटलेली नाही.

या रस्त्यावरचा पहिला अडथळा पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा. त्याच्या सायकलचा भोंपू वाजला की पोई घ्यायला अंगणात जावे लागते, अंगणात गेले की जास्वंदीला किती कळ्या आल्या ते पाहावे लागते, आणि जास्वंदीपाशी उभ्या असलेल्या माणसाला शेजाऱ्याने हाक मारली नाही तर वाड्यावर काहीतरी बिनसले आहे असे खुशाल समजावे. परत आल्यावर ब्रश धुवायचे असतात. ते आदल्या दिवशी वापरलेलेच नसतात, तरी धुवायचे असतात. मग पेन्सिलींना टोके काढायची, रंगांच्या ट्यूबा उष्ण आणि थंड अशा क्रमाने लावायच्या, आणि हे झाले की कोण्या परदेशी जलरंगकाराने बंदरातल्या होड्या पाऊण तासात कशा उतरवल्या ते मोबाईलवर पाहायचे, कारण अभ्यास हवाच. दुसऱ्याला चित्र काढताना पाहणे हा स्वतः चित्र न काढण्याचा सर्वांत प्रतिष्ठित मार्ग आहे. त्यात वेळ जातो, शिकल्याचे समाधान मिळते आणि महागाचा कागदही वाचतो. एवढे होईपर्यंत आतून हाक येते, "अहो, पाने मांडू का?"

जूनपासून सप्टेंबरपर्यंत तर निसर्गच माझ्या आळसाचे वकीलपत्र घेतो. जलरंगाचा पहिला हात दिला की तो वाळेपर्यंत दुसरा देता येत नाही, आणि आमच्या पावसाळ्यात तो वाळतच नाही. धीर सुटून ओल्यावरच पुन्हा ब्रश टेकवला की नवे पाणी जुन्या रंगाला ढकलत नेते आणि आकाशात फुलकोबीचा गड्डा उमटतो. हेअर ड्रायरने वाळवावे म्हटले तर नेमकी त्याच वेळी वीज जाते. त्यातून चांगल्या कागदाला जिलेटिनचे लेपण असते. हे लेपण बुरशीला अतिशय आवडते, आणि बुरशीने ते खाल्ल्याचा पत्ता कोऱ्या कागदावर मुळीच लागत नाही. रंगाचा हात फिरल्यावरच तेवढी तेवढी जागा टीपकागदासारखी रंग पिऊन काळवंडते. म्हणून मी कागद कपाटात, सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर आणि रात्रंदिवस जळणाऱ्या एका लहानशा दिव्याखाली ठेवतो. घरातले कपडे दमट असतात, पापड दमट असतात, मीठ तर बरणीतून बाहेर यायलाच तयार नसते. केवळ माझे कोरे कागद तेवढे ऊबदार आणि कोरडे असतात, आणि यावरून घरात जे बोलले जाते ते येथे लिहिण्यासारखे नाही.

अशा प्रसंगी मी स्वसंरक्षणार्थ वासुदेव गायतोंडे यांचे नाव घेतो. १९२४ साली नागपुरात गोमंतकीय कुटुंबात जन्मलेला हा थोर चित्रकार वर्षाकाठी जेमतेम पाच-सहा चित्रे करीत असे, ही गोष्ट गोव्यातल्या प्रत्येक आळशी चित्रकाराला पाठ असते. २००१ साली ते गेले आणि २०१३ साली मुंबईच्या एका लिलावात त्यांचे एक चित्र २३.७ कोटी रुपयांना विकले गेले. हा हिशेब मी घरात मांडला, तेव्हा मला दोन गोष्टी सांगण्यात आल्या. पहिली अशी की गायतोंडे उरलेल्या दिवसांत चित्राचाच विचार करीत बसत, जास्वंदीच्या कळ्या पाहत नसत. दुसरी अशी की या हिशेबात पैसे मिळायला आधी मरावे लागते आणि मग बारा वर्षे थांबावे लागते. तेवढा वेळ घरातला गॅस सिलिंडर थांबणार नाही.

शिवाय गायतोंड्यांच्या विरुद्ध बाजूने साक्ष द्यायला आमच्याकडे माणसे कमी नाहीत. लोटलीचे व्यंगचित्रकार मारियो मिरांडा लहानपणी भिंतींवर चित्रे काढीत, म्हणून आईने त्यांच्या हाती कोरी वही दिली, आणि त्या वहीतून चित्रमय रोजनिशीची जी सवय लागली तिच्यातली १९४९ ते १९५१ ची पाने पुढे पुस्तकरूपाने लोकांसमोर आली. वाड्यावरचे लग्न, चर्चमधली मंडळी, बसमधली गर्दी, जे दिवसभरात दिसले ते वहीत उतरले. त्यासाठी त्यांनी मूड येण्याची वाट पाहिली असेल असे ती पाने पाहून वाटत नाही. दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगांवकर हे तर दोघेही मूळचे गोमंतकीय, आणि दोघांचीही सारी हयात मासिकांची व पुस्तकांची मुखपृष्ठे, दिवाळी अंक आणि कॅलेंडरे यांत गेली. दिवाळी अंक दिवाळीनंतर काढता येत नाही. मुळगांवकरांची लक्ष्मी महाराष्ट्रातल्या आणि गोव्यातल्या कितीतरी भिंतींवर वर्षभर प्रसन्न मुद्रेने टांगलेली असे; ती रंगवताना त्यांची मुद्रा कशी होती हे कोणी विचारले नाही, कारण छापखान्याला त्याच्याशी कर्तव्य नव्हते.

तारखेचा हा महिमा मला अनुभवाने ठाऊक आहे. पणजीतल्या आल्तिनोवरच्या कला महाविद्यालयातले दिवस आठवले की तिथल्या शिकवणीइतकेच सबमिशनचे दिवस आठवतात. आदल्या रात्री जागून आम्ही जेवढे काम उरकत असू तेवढे त्याआधीच्या अख्ख्या महिन्यात होत नसे. आजही चवथ जवळ आली की मी नात्यातल्या एका चित्रशाळेत गणपतीचे डोळे आखायला जातो. एकामागून एक मूर्ती समोर येतात, हातात बारीक ब्रश असतो, बाहेर पाटावर गणपती न्यायला आलेले लोक आरत्या म्हणण्याच्या तयारीत उभे असतात, आणि "आज सूर लागत नाही, उद्या या" असे त्यांना सांगण्याची कल्पनाही मनाला शिवत नाही. सूर लागो न लागो, डोळे नीट येतात. काही तर माझ्या स्वतःच्या चित्रांतल्या कोणत्याही रेषेपेक्षा चांगले येतात. त्यानंतर दिवाळीतला नरकासुराचा पुतळा. वाड्यावरची मुले रोज संध्याकाळी "पात्राव, तोंड कुठवर आले?" असे विचारून जातात, आणि ते तोंड वेळेवर तयार होते. रात्रभर त्याची मिरवणूक निघते, पहाटे ते पेटवले जाते आणि पेटवणारे लोक घरी जाऊन फोव, म्हणजे पोहे, खातात. माझ्या कामांपैकी एवढ्या एकाच कामाविषयी मागाहून कोणी चिकित्सा करीत नाही, ही त्याची आणखी एक जमेची बाजू.

पंचाईत होते ती स्वतःच्या चित्राची, कारण त्याची वाट कोणीच पाहत नसते. विकले जाणारे चित्र वेगळे: त्याला तारीख नसली तरी गिऱ्हाईक असते, आणि गिऱ्हाइकाला माड, होडी व पांढरे चर्च ही तीन दैवते एकाच चौकटीत हवी असतात. तेही मी करतो, त्यात मला कमीपणा वाटत नाही. त्यासाठी अधूनमधून पणजीच्या फोंतेन्यांस या जुन्या वस्तीत स्टूल टाकून बसतो; परंतु आता तिथल्या पिवळ्या भिंतीसमोर लग्नाआधीचे फोटो काढून घेणाऱ्या जोडप्यांची रीघ लागलेली असते, आणि भिंत रिकामी होण्याची वाट पाहत बसलेला दाढीवाला चित्रकार हा त्या फोटोंना पार्श्वभूमी म्हणून फार शोभतो असे एकदोन छायाचित्रकारांनी मला सांगितले आहे. माझ्या चित्रांपेक्षा मीच अधिक घरांच्या भिंतींवर पोहोचलो असण्याची शक्यता आहे.

स्वतःचे चित्र म्हणजे माझ्या बाबतीत कुळागर. पोफळी, त्यांना बिलगलेल्या मिरीच्या वेली, खाली केळी, पाटाचे पाणी आणि चिऱ्यांचा बांध एवढाच ऐवज. पण त्यातले हिरवे रंग वेगवेगळे ओळखायला मला काही पावसाळे लागले आणि भिजलेला चिरा व वाळलेला चिरा यांतला फरक बर्न्ट सिएनाच्या तपकिरीत किती अल्ट्रामरीन निळा मिसळल्याने येतो ते अजूनही दरवेळी नव्याने पाहावे लागते. या कामातली खरी गैरसोय अशी की माणसाचा डोळा आधी शिकतो आणि हात मागाहून, आणि मधल्या काळात सकाळी बरे वाटलेले चित्र संध्याकाळी फाडून टाकावेसे वाटते. आपण सुधारत असताना आणि आपण बिघडत असताना मनाला जे वाटते ते अगदी एकसारखे असते. या क्षेत्रात नव्याने येणाऱ्यांना हे कोणी आधी सांगत नाही, नाहीतर निम्मे लोक बँकेच्या परीक्षेला बसले असते. यावर मी काही लहान उपाय शोधले आहेत. चित्र आरशात पाहतो, म्हणजे तोल कोठे गेला ते कळते आणि ते दुसऱ्या कोणाचे तरी आहे अशी समजूत करून घेता येते. दिवसाचे काम थांबवताना एखादा सोपा तुकडा, समजा केळीचे एक पान, मुद्दाम रंगवायचे ठेवतो, म्हणजे दुसऱ्या दिवशी कोऱ्या मनाने नव्हे तर उरलेल्या पानाने सुरुवात होते. हे उपाय चांगले आहेत, पण ते टेबलाशी बसल्यानंतरचे आहेत.

टेबलाशी बसवण्याचे काम हल्ली शेजारच्या बाई करतात. बाई गणित शिकवीत, मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या, आणि निम्म्या वाड्याने त्यांच्या हातचा मार खाल्लेला आहे. एका शनिवारी देवळातून परतताना त्या पडवीत डोकावल्या, अर्धवट कुळागर पाहिले आणि "याचे पुढे काय होणार?" असे विचारून गेल्या. पुढच्या शनिवारी त्या उत्तर घ्यायला आल्या. त्यांना चित्रकलेतले काही कळते असा त्यांचा दावा नाही; त्या फक्त मागच्या आठवड्याच्या चित्रात आणि या आठवड्याच्या चित्रात फरक किती पडला ते तपासतात, आणि फरक आढळला नाही तर "हे मागच्या शनिवारीही असेच होते" एवढेच म्हणून चष्मा पुसू लागतात. सबब सांगून पाहिली, तर "पाऊस सगळ्यांनाच होता" असे उत्तर मिळाले. गायतोंड्यांचे नाव काढण्याची माझी हिंमत झाली नाही. फरक आढळला तर मात्र त्या खाली वाकून पाहतात आणि शेरा देतात. "पोफळीचे खोड एवढे जाड केलेस, तिचा माड झाला" हा शेरा मला इतका लागला की मी दोन दिवस कुळागरात जाऊन केवळ खोडेच काढीत बसलो, आणि ती खोडे, खरे सांगायचे तर, या वर्षातले माझे सर्वांत चांगले काम आहे.

परवा कळले की बाई महिनाभर मुलीकडे म्हापशाला जाणार आहेत. ही बातमी ऐकून मला शाळा सुटल्याचा आनंद झाला, आणि तो चेहऱ्यावर दिसला असावा, कारण त्यांनी तिथल्या तिथे पिशवीतून मोबाईल काढून माझा नंबर मागितला. दर शनिवारी अकराच्या आत चित्राचा फोटो यायला हवा, असे त्यांनी बजावले, आणि फाटकाशी पोहोचल्यावर मागे वळून सांगितले, "फोटो दिवसाच्या उजेडात काढ. आणि मागचाच पुन्हा पाठवू नकोस, मी सगळे जपून ठेवणार आहे."