‘दोन दिवस पाहिलं, काही नाही’ म्हणजे काही नाही?

एखाद्या नियोजित प्रकल्पावर वाद झाला की एक मजकूर हमखास फिरतो: ‘तज्ज्ञ दोन दिवस फिरले, कॅमेऱ्यात काही आलं नाही, पाण्याची डीएनए चाचणीही कोरी. जागा नुसता पडीक माळ आहे, वन्यजीव नाहीत.’

दोन दिवस पुरतात? जागेवर असलेला प्राणी एका फेरीत दिसण्याची शक्यता ३० टक्के धरा. दोन फेऱ्यांनंतरही तो निसटण्याची शक्यता ०.७ × ०.७, म्हणजे ४९ टक्के उरते. ती ५ टक्क्यांखाली आणायला नऊ फेऱ्या लागतात, त्याही योग्य ऋतूत. बेडूक शोधायला उन्हाळ्यात भर दुपारी गेलात तर नव्वद फेऱ्याही वायाच.

कॅमेऱ्याबद्दल गैरसमज मोठा आहे. ट्रॅप कॅमेऱ्याचा (रानात बांधून ठेवलेल्या, आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्याचा) सेन्सर समोरून सरकणारा उष्णतेतला फरक टिपतो. जमीन प्राण्याच्या अंगाइतकी तापली की तो फरकच उरत नाही. साप, सरडे, बेडूक तर एरवीही बहुधा सुटतात. त्यांच्यासाठी जमिनीवर पत्र्याचे तुकडे अंथरून, काही आठवडे तसेच ठेवून, मग सकाळी उचलून खाली कोण दडलंय ते पाहतात. लहान-मध्यम प्राण्यांसाठी कॅमेरा ३० ते ५० सेंमी उंचीवर, वाटेला तिरका हवा. छातीच्या उंचीवर बांधला तर रानमांजर खालून निघून जातं. पूर्वेला किंवा पश्चिमेला तोंड असेल तर तिरपं ऊन सेन्सरला फसवतं. समोरचं गवत कापलं नाही तर हलत्या पात्यांच्या फोटोंनीच कार्ड भरतं, आणि पुढच्या रात्री कॅमेरा नुसता टांगलेला. अहवालात त्या रात्रीही ‘प्राणी नाही’ म्हणून मोजल्या आहेत का, हे आधी तपासा. कॅमेऱ्यांच्या संख्येपेक्षा ते महत्त्वाचं.

डीएनए चाचणी? ती प्राण्यांनी पाण्यात सोडलेला डीएनए शोधते. पण ऊन आणि उष्णतेत पाण्यातला डीएनए लवकर विघटित होतो. कुजलेल्या पाल्याच्या गढूळ पाण्यातली आम्लं चाचणीची प्रक्रियाच रोखतात. ती रोखली गेली नव्हती हे दाखवणारी नियंत्रण चाचणी जोडलेली नसेल, तर कोऱ्या निकालावरून काहीच सिद्ध होत नाही.

राहिला ‘पडीक माळ’. टिटवी आणि चंडोल जमिनीवरच अंडी घालतात. टिटवीची ठिपकेदार अंडी खड्यांत अशी मिसळतात की गाडीतून दिसणं अशक्यच. विणीच्या काळात ठरावीक अंतरावर समांतर रेषा आखून सकाळी पायी चाला. टिटवी डोक्यावर घिरट्या घालत ओरडू लागली की थांबा, मागे सरा आणि दुर्बिणीतून ती कुठे उतरून बसते ते पाहा.