पीच आधी पिकू द्या, मग फ्रीज

फळं साठवण्याबद्दलचा लेख चांगला आहे, पण त्यातला 'पीच, प्लम, चेरी घरी आणल्या आणल्या फ्रीजमध्ये टाका' हा सल्ला फक्त चेरीला लागू पडतो. चेरी झाडावरून उतरवली की पुढे पिकत नाही, तिला थंडावाच हवा. घेताना देठ बघा: हिरवा, लवचीक असेल तर माल ताजा, तपकिरी, वाळका असेल तर सोडून द्या.

पीचचं उलटं. कडक पीच थेट फ्रीजमध्ये गेलं की नंतर मऊ पडतं, पण रसाळ होत नाही. गर पिठूळ, कधी आतून तपकिरी. साधारण 2 ते 8 अंशांची थंडी कच्च्या पीचला सगळ्यात जास्त बाधते, आणि आपले घरचे फ्रीज नेमके तेवढ्यावरच चालतात. (कच्च्या हापूसची आढी कुणी फ्रीजमध्ये लावतं का? मग हिमाचलच्या पीचवरच हा अन्याय का?) बाहेरच ठेवा, देठाची बाजू खाली करून, एकावर एक न रचता. घाई असेल तर कागदी पिशवीत सोबत एखादं केळं. देठाजवळ किंचित दबलं, वास सुटला की मग खुशाल फ्रीज, दोन-तीन दिवस. लालीला भुलू नका, पिकलेपणाशी तिचा फारसा संबंध नाही. लालीखालचा हिरवट रंग गेलाय का ते बघा.

प्लमसुद्धा आधी बाहेरच. त्यावरची पांढरट पूड म्हणजे फवारणीचं औषध नव्हे, फळाचंच मेण. ती शाबूत असेल तर फळ फार हाताळलेलं नाही. धुवायचं मात्र खाताना. धुवून ठेवलं की ओलीनं बुरशी धरते.