‘नेटवर्किंगचं इलेक्टिव्ह घेऊ नका’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

इलेक्टिव्ह निवडायची वेळ आली की इंजिनिअरिंगच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. ‘अ‍ॅडव्हान्स्ड नेटवर्किंग आणि वायरलेस घेऊन सेमिस्टर वाया घालवू नका. टीसीपी चाळीस वर्षं जुना, त्यात नवीन काही उरलं नाही. वायरलेस म्हणजे नुसती गणितं. सीसीएनए (सिस्को कंपनीचं नेटवर्किंगचं सर्टिफिकेट) करा, तेवढं पुरतं. तसंही सगळं क्लाउडवर गेलंय.’ खाली अंगठ्यांची रांग.

टीसीपी, म्हणजे इंटरनेटवर डेटा नीट पोचवण्याचे नियम, जुना आहे, हे खरंच. इंटरनेटचा पूर्वज अर्पानेट १ जानेवारी १९८३ला त्यावर आलं. पण ऑक्टोबर १९८६मध्ये अमेरिकेतली लॉरेन्स बर्कली लॅब आणि शेजारचं बर्कली विद्यापीठ यांच्यातला वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर घसरला. अंतर जेमतेम चारशे यार्ड, आणि तार कुठेही तुटलेली नव्हती. पॅकेट, म्हणजे डेटाचा एक तुकडा, हरवलं की जो तो ते पुन्हा पाठवायचा, त्यानं गर्दी वाढायची, मग आणखी पॅकेटं हरवायची. त्याच लॅबमधल्या व्हॅन जेकबसननं १९८८मध्ये तोडगा मांडला: पॅकेट हरवलं म्हणजे पुढे गर्दी आहे असं समजा आणि स्वतःचा वेग कमी करा. वायरलेसनं नेमकं हेच गृहीतक डळमळीत केलं. तिथे सिग्नल कमजोर पडला तरी पॅकेट हरवतं, गर्दी लागतेच असं नाही. टीसीपी मात्र उगाच ब्रेक मारतो. गूगलनं २०१६मध्ये मांडलेला बीबीआर हा वेग ठरवणारा अल्गोरिदम म्हणूनच हरवलेल्या पॅकेटांवर न विसंबता मार्गाचा वेग आणि विलंब मोजतो. टीसीपीऐवजी वापरता येणाऱ्या क्विक या प्रोटोकॉलचं प्रमाणीकरण तर २०२१चं. ‘नवीन काही उरलं नाही’ हे कुठून काढलं कोण जाणे.

वायरलेसमध्ये गणितं आहेत, भरपूर आहेत. पण एकच करून बघा. चॅनेलमधून जास्तीत जास्त किती डेटा जाऊ शकतो हे सांगणाऱ्या शॅननच्या १९४८च्या सूत्रात चॅनेल (फ्रिक्वेन्सीचा पट्टा) २० मेगाहर्ट्झ रुंद आणि सिग्नल नॉइजच्या हजारपट धरा. एका अँटेनाकडून एका अँटेनाकडे सेकंदाला साधारण २०० मेगाबिट, ही कमाल मर्यादा. आता सिग्नलची ताकद दुप्पट करा. वाढतात फक्त २० मेगाबिट! चॅनेल रुंद करणं आणि अँटेना वाढवणं यावर वाय-फाय आणि फाइव्ह-जीवाल्यांचा एवढा भर का, हे त्या दोन ओळींत कळतं.

सीसीएनएला मी नावं ठेवणार नाही. पहिल्या नोकरीला त्याचा उपयोग होतो. पण समजा लाइन १ गिगाबिटची आहे, सर्व्हर अमेरिकेत आहे आणि पॅकेट जाऊन उत्तर यायला २०० मिलिसेकंद लागतात. टीसीपीची विंडो, म्हणजे पोच यायच्या आधी पाठवता येणारा डेटा, जुन्या ६४ किलोबाइटवर अडकली असेल, तर वेग २.६ मेगाबिटांपुढे सरकत नाही. लिंक अप, पिंग व्यवस्थित, एरर कुठेच नाही. कमांड पाठ असलेला माणूस इथे केबल बदलत बसतो. एका फेरीत एका विंडोइतकाच डेटा जातो हे समजलेला माणूस भागाकार करतो.

क्लाउडचं थोडक्यात. ४ ऑक्टोबर २०२१ला आपल्याकडे रात्री नऊनंतर फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सअ‍ॅप सुमारे सहा तास गायब झाले. देखभालीच्या वेळी दिलेल्या एका कमांडनं त्यांच्या बॅकबोनची (डेटा सेंटरांना जोडणाऱ्या मुख्य जाळ्याची) जोडणी तुटली आणि साइटच्या नावावरून पत्ता सांगणाऱ्या डीएनएस सर्व्हरचे बीजीपी मार्ग, म्हणजे बाकीच्या इंटरनेटला जाहीर केलेल्या वाटा, मागे घेतले गेले. सर्व्हर जागेवरच होते, त्यांच्यापर्यंतची वाट नव्हती. अशी वाट आखणारी आणि सांभाळणारी माणसं क्लाउड कंपन्यांनाही लागतातच.

मेसेजमागची चीड मात्र मला समजते. बऱ्याच कॉलेजांत नेटवर्कचं काम थरांत मांडणाऱ्या ओएसआय मॉडेलचे सात थर घोकायचे, सीनियरचं जर्नल उतरवायचं आणि व्हायवाला तेच म्हणून दाखवायचं, असं चालतं. तेव्हा विषय निवडण्याआधी सीनियरना विचारा, लॅबमध्ये काय करून घेतात. वायरशार्कवर पॅकेटं पकडायला लावतात का, नेटवर्कची नक्कल करणाऱ्या मिनिनेट किंवा एनएस-३वर मुद्दाम एक टक्का पॅकेटं पाडून वेग मोजायला लावतात का? सगळी फुकट मिळणारी सॉफ्टवेअर आहेत, साध्या लॅपटॉपवर चालतात. लॅबच्या नावाखाली नुसतं केबलच्या टोकाला आरजे-४५ कनेक्टर बसवणं (क्रिम्पिंग) होत असेल, तर खुशाल दुसरं काही घ्या.