ही तर रेडकरंटची छाटणी!

ब्लॅककरंट म्हणजे थंड हवेतलं, काळ्या आंबट फळांचं झुडूप. त्याच्यावरच्या तुमच्या लेखातला ‘ब्लॅककरंटच्या सगळ्या फांद्या दर हिवाळ्यात निम्म्यावर छाटा’ हा सल्ला चुकीचा आहे. असं रेडकरंटला, म्हणजे त्याच्या लाल फळांच्या भावंडाला, करतात. ब्लॅककरंटला फळ धरतं ते मुख्यतः आदल्या वर्षी वाढलेल्या फांदीवर. तीच कापली तर उन्हाळ्यात काय, नुसती पानं मोजायची? इंग्लंडात लीड्सला आल्यावर पहिल्या हिवाळ्यात मीही हाच उद्योग केला होता. जुलैत जेमतेम वाटीभर फळं निघाली, तीही पक्ष्यांनी उष्टावलेली. आता जुन्या, काळपट पडलेल्या तीन-चार फांद्या थेट जमिनीलगत कापतो आणि फिकट सालीच्या नव्या ठेवतो.

आणि जातींबद्दल एक ओळही नाही? जागा कमी असेल तर बेन सारेक घ्या. झुडूप जेमतेम सव्वा मीटर वाढतं, पण घोसांच्या भाराने फांद्या लवतात, आधार द्यावा लागतो. हिवाळ्यात कळ्या वाटाण्यासारख्या टम्म फुगत असतील तर ती कळ्यांत राहणारी सूक्ष्म कोळीकीड. तिथे बेन होप ही जात बरी, ती या किडीला दाद देत नाही. रोप मात्र कुंडीतल्या मातीच्या खुणेपेक्षा पाचेक सेंटिमीटर खोल लावा, म्हणजे बुंध्यातून नवे फुटवे येत राहतात. (आईला अजून वाटतं, मी परसात काळे मनुके पिकवतोय.)